खंडेनवमीला थांबलेला ड्रम

काँक्रीटची मिक्सर गाडी शिकायची तर सगळ्यात आधी अपमान गिळायची सवय लागते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं, कारण तेव्हा मी स्टोअरकीपर होतो. म्हणजे नव्हतो. बोईसरच्या एमआयडीसीतला आमचा रंगाचा कारखाना बंद पडून सात महिने झाले होते. पण कुंभवलीत सगळे मला अजून 'स्टोअरवाले प्रतापभाऊ'च म्हणत, आणि मीही खिशाला दोन पेनं लावल्याशिवाय घराबाहेर पडत नसे. एक निळं, एक लाल. लाल पेन कशाला, असं बायकोनं एकदा विचारलं होतं. मी तिला रागावलो होतो.

नव्व्याण्णव साल. एका मोठ्या कंत्राटदार कंपनीनं आमच्या गावाशेजारीच नव्या कारखान्याचं बांधकाम काढलं होतं. तिथल्या फाटकावर पाटी लागली की मिक्सर गाडीवर ड्रायव्हर पाहिजेत, स्थानिकांना प्राधान्य. ही पाटी मी वाचली नाही, तात्यांनी वाचली. तात्या म्हणजे आमच्या शेजारच्या घरातले, पतपेढीतून निवृत्त झालेले गृहस्थ. निवृत्तीनंतर माणसाला जो रिकामा वेळ मिळतो तो त्यांनी सगळा माझ्यावर खर्च केला.

"प्रताप, तुझ्याकडे लायसन आहे," तात्या म्हणाले.

होतं खरं. ब्याऐंशी साली कारखान्याची जीप चालवण्यासाठी काढलेलं. जीप मी दोनदा चालवली. दुसऱ्या खेपेला वजनकाट्याच्या भिंतीवर नेली, आणि मग साहेबांनी स्वतः होऊन मला त्या जबाबदारीतून मोकळं केलं.

"ते हलक्या गाडीचं आहे, तात्या."

"हलक्याचं आहे तर जडाचं मिळेल. बसून राहण्यापेक्षा बरं. आणि गाडी म्हणजे काय, स्टिअरिंगच ना? स्टोअर सांभाळलंस, गाडी काय अवघड आहे?"

स्टोअर आणि गाडी यांचा संबंध काय, हे मी विचारलं नाही. सात महिने घरी बसलेला माणूस असे प्रश्न विचारत नाही. भाजीवालीसुद्धा आता मला 'आज काय, घरीच?' असं विचारायला लागली होती.

फाटकावरचा सुपरवायझर चंद्रभान. धिप्पाड, सदा पान खाणारा, घाईत असलेला माणूस. त्यानं माझं लायसन उलटसुलट केलं, माझ्या पेनांकडे पाहिलं आणि म्हणाला, "पढ़े-लिखे हो? ठीक है. चौथी गाड़ी आने वाली है. जिव्या के साथ बैठो, सीखो. दिवाली के बाद ट्रायल. पास हुए तो पक्की नौकरी, नहीं तो दूसरा आदमी खड़ा है."

पक्की नोकरी हे दोन शब्द ऐकून मी खिशातली दोन्ही पेनं सरळ केली. शेहेचाळिसाव्या वर्षी ती शेवटचीच होती, हे मलाही कळत होतं आणि घरी बायकोला, जयवंतीलाही. फक्त ज्याच्यासोबत बसायचं तो जिव्या निघाला, तिथं माशी शिंकली.

जिव्या वारली पाड्यावरचा. त्याचा बाप नवशा जन्मभर आमच्या वाडीत तण काढायला, बेणणीला आला. दुपारी पडवीच्या खाली बसून भाकरी खायचा. त्या नवशाचा मुलगा आठ वर्षं मिक्सर चालवत होता, आणि मी स्टोअरकीपर प्रताप चुरी त्याच्या हाताखाली शिकणार होतो. मी घरी आल्यावर जयवंतीला म्हणालो, "मी त्याला थोडं मार्गदर्शनही करीन." ती पोळ्या लाटत होती.

जिव्यानं मात्र मला पाहून नमस्कार केला. "या शेठ. पन येक सांगतो, केबिनमधी शेठ नाय. केबिनमधी डायवर आनि क्लीनर. तुमी क्लीनर."

"म्हणजे?"

"म्हंजे आदी काच पुसा."

पंधरा दिवस मी काच पुसली. काँक्रीट ज्या पन्हळीतून खाली उतरतं ती पन्हळ धुतली. चहा आणला. मागच्या शिडीवर चढून ड्रमच्या तोंडात पाण्याचा पाइप धरला आणि स्वतःच ओला झालो. स्टिअरिंगला हात लागला नाही. एकदा पन्हळ धुताना तात्या फाटकाबाहेरून जात होते. ते थांबले, बघत राहिले आणि संध्याकाळी घरी येऊन म्हणाले, "ब्रश गोल फिरवायचा, प्रताप. तू सरळ फिरवत होतास." मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. जयवंतीनं विचारला.

सोळाव्या दिवशी जिव्यानं मला चालवायला दिलं, आणि मग कळलं की ही गाडी नव्हे, हे संकट आहे. पाठीवरचा ड्रम सारखा फिरत असतो. आत ओला माल असतो. तो ड्रमबरोबर एका अंगाला चढत राहतो, म्हणून वळणावर गाडी आपण सांगू तिकडे न जाता मालाला वाटेल तिकडे झुकते. ड्रमचा दांडा एका बाजूला टाकला की माल आत राहतो, दुसऱ्या बाजूला टाकला की बाहेर येतो. हे मी वहीत लिहून घेतलं, खाली लाल पेनानं रेघ ओढली, आणि दुसऱ्याच दिवशी उलट्या बाजूला टाकून चंद्रभानच्या मोटारसायकलीभोवती घमेलंभर काँक्रीट ओतलं. त्यानं मला हिंदीत जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. जिव्या फावडं घेऊन उतरला आणि माल ओढू लागला. म्हणाला, "माजा हात लागला, सायेब." त्याच्या हाताचा तिथं काही संबंध नव्हता.

जिव्या अनवाणी चालवायचा. ब्रेक पायाला कळला पाहिजे म्हणायचा. मला एकच गोष्ट त्यानं रोज सांगितली, "शेठ, कायपन होवो, ड्रम थांबवायचा नाय. आतमधी माल हाय तवर ड्रम फिरता पायजे. इंजिन बंद झाला, ड्रम थांबला, का माल बसला, दगड झाला. माल बसला का गाडी मेली." केबिनमध्ये शेठ नाही, हा नियम त्यानंच केला होता आणि त्यालाच पाळता येत नव्हता.

आता त्याच्या कागदाचं सांगतो. खरं तर हे आधी सांगायला हवं होतं.

पहिल्याच आठवड्यात जिव्या मला म्हणाला होता, "शेठ, मी तुमाला गाडी शिकवतो, तुमी माजा कागुद बगा." त्याच्या लायसनची मुदत सप्टेंबरात संपत होती. त्याला वाचता येत नव्हतं. मागच्या खेपेला कुणा एजंटानं त्याला चांगलाच बुडवला होता. मी म्हटलं, "एवढंच ना? दे इकडे." सात महिन्यांनी मला कुणीतरी माझ्या लायकीचं काम सांगितलं होतं. मी त्याचं जुनं लायसन, फॉर्म, दाखले सगळं एका कापडी पिशवीत घातलं आणि पिशवीवर चिठ्ठी चिकटवली: 'जिव्या नवशा, लायसन नूतनीकरण, तातडीचे'. तातडीचे हा शब्द लाल पेनानं.

ज्या कचेरीत हे काम होतं तिचं नाव मी घेत नाही, कारण दर तीन वर्षांनी अजून तिथंच जावं लागतं. मी गेलो. जिव्याच्या घराला नंबर नव्हता. पाड्यावर कुणाच्याच घराला नंबर नव्हता. कारकून म्हणाला, नंबराशिवाय पत्ता होत नाही. मी तलाठ्याचा दाखला आणला. दुसऱ्या खेपेला डॉक्टरचा दाखला जुन्या नमुन्यात निघाला. नव्या नमुन्यातला आणला. तिसऱ्या खेपेला फोटोत जिव्याचा एकच कान दिसत होता. त्यानं डोक्याला टॉवेल गुंडाळला होता. "दोन्ही कान दिसले पाहिजेत," कारकून म्हणाला, आणि मी मान डोलावली. स्टोअरमध्ये असताना मीही लोकांना असाच परत पाठवायचो. खोटं कशाला बोलू, त्या कारकुनाबद्दल मला आदरच वाटला.

चौथ्या खेपेला सगळं बरोबर होतं. फक्त चार नंबरच्या खिडकीत द्यायचं होतं, आणि ती खिडकी एक वाजता बंद होते. त्याच दिवशी मला जड गाडीचं शिकाऊ लायसन मिळायचं होतं. ते मिळालं. तिथल्या साहेबानं विचारलेल्या रस्त्यावरच्या सगळ्या खुणा मी ओळखल्या. एवढा आनंद मला लग्नातही झाला नव्हता. समोरच्या हॉटेलात जाऊन मी मिसळ मागवली आणि वेटरला साग्रसंगीत हकिगत सांगितली. परत आलो तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. खिडकीला फळी लावलेली. शेजारच्या खिडकीतला म्हणाला, "घाई काय आहे? मुदतीनंतर तीस दिवस सवलत असते."

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये चढताच जिव्यानं विचारलं, "शेठ, दिला कागुद?"

"दिला," मी म्हणालो. "येईल पोस्टानं."

का म्हणालो? त्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. नवशाच्या मुलाला, मिसळ खात बसलो म्हणून खिडकी बंद झाली, असं सांगायची मला लाज वाटली. बास, एवढंच. शिवाय पुढच्या सोमवारी जाऊन देणारच होतो. पुढच्या सोमवारी जयवंतीच्या माहेरी माकुणसारला काहीतरी निघालं. त्याच्या पुढच्या आठवड्यात पितृपक्ष. मी मनाशी म्हणत होतो, अजून बावीस दिवस आहेत, अजून नऊ आहेत. नंतर मोजायचं राहिलं. पिशवी दाराच्या मागे छत्रीखाली लटकत होती.

अशी ती खंडेनवमी आली.

आमच्या घरात खंडेनवमीला हत्यारं पुजायची पद्धत आहे. पाटावर कोयता, फावडं, शिलाईचं मशीन, माझ्या स्टोअरच्या दिवसांत माझा शिक्का. जयवंती म्हणाली, "यंदा तुमचं हत्यार कुठं हाय?"

"मिक्सर काय पाटावर ठेवायचा?"

"पाटावर नाय, अंगणात आणा. ज्याच्यावर उद्या घर चालणार ते सोडून कोयता पुजायचा?"

हे तात्यांनी कुंपणापलीकडून ऐकलं. "आण की रे. आणि हे बघ, तुमचा तो उरलेला माल असतो ना, रोज फेकून देता तो? तो तसाच घेऊन ये. माझ्या ओट्याला होईल." मग आणखी दोघांनी ऐकलं. एकाला न्हाणीच्या दारात थोडा हवा होता, एकाला तुळशीपाशी. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाला कळलं की प्रतापभाऊ उद्या काँक्रीट घेऊन येणार.

जिव्याला मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "नको शेठ. माल ओतून येऊ, मंग पूजा करा." मी म्हणालो, "पाच मिनिटांचं काम आहे. मी चालवतो." तो दोन-तीनदा नको म्हणाला. मग माझ्याकडे बघून त्यानं किल्ली माझ्या हातात दिली. बहुतेक माझ्या तोंडावर काहीतरी दिसलं असेल.

सकाळचा स्लॅब झाला, ड्रममध्ये चांगला निम्मा माल उरला, आणि दहाच्या सुमाराला मी स्वतः गाडी चालवत कुंभवलीत शिरलो. हॉर्न वाजवला. कारण नसताना पुन्हा वाजवला. बायका दारात आल्या, भाजीवाली टोपली खाली ठेवून बघत राहिली. त्या पाच मिनिटांत मी सुखी होतो, हे कबूल करतो.

अंगणात गाडी उभी केली. जयवंती ताम्हन घेऊन पुढे आली आणि म्हणाली, "आदी बंद करा."

"बंद नको, वैनी," जिव्या केबिनमधून म्हणाला. "आतमधी माल हाय."

"चालत्या हत्याराची पूजा करतात होय?" तात्या म्हणाले. "उद्या म्हणशील फिरत्या चाकाला गंध लाव. दोन मिनिटं बंद कर रे प्रताप. देवाचं काम आहे."

पन्नास माणसं बघत होती. मी किल्ली फिरवली. इंजिन थांबलं, ड्रम थांबला. जिव्या माझ्याकडे बघतच राहिला.

पूजा छान झाली. ड्रमला पाच बोटं हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ. मग जयवंतीनं हात पुढे केला आणि मी किल्ली तिच्या हातावर ठेवली. तिनं ती देवघरात नेऊन पाटावर कोयत्याशेजारी मांडली, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. मला हे सगळं यथासांग वाटलं. मी पेढा खाल्ला.

"शेठ, चावी," जिव्या म्हणाला.

"आता कसली चावी?" तात्या म्हणाले. "पूजेतलं हत्यार दसऱ्याच्या सकाळी उठवायचं. तोवर हात लावायचा नाही."

हे मला माहीत नव्हतं का? होतं. जन्मभर पाळत आलो होतो. पण कोयत्याला काय, तो एक दिवस पडून राहिला तर बसत नाही. पाटावरच्या किल्लीनं गाडी चालू होते आणि गाडीनं ड्रम फिरतो, हा हिशेब माझ्या डोक्यात त्या क्षणी आला, त्याच्या आधी नाही. मी आत गेलो. देवघरात सात-आठ बायका बसलेल्या. जयवंती म्हणाली, "हात लावलात तर तुमचं तुमी बघा. नोकरीच्या आदीच अपशकुन." एका म्हातारीनं, खंडेनवमीला कोयता उचलला म्हणून कुणाचं तरी बोट तुटल्याची हकिगत काढली. दुसरीनं हात तुटल्याची. किल्ली माझ्यापासून दोन हातांवर होती. मी पक्क्या नोकरीचा विचार केला, अपशकुनाचा केला, बायकांचा केला, आणि बाहेर येऊन जिव्याला म्हणालो, "बघतो काहीतरी."

तो अंगणात उभा होता. त्याला आत जाऊन किल्ली आणता आली असती, पण आमच्या पडवीच्या पुढं त्याचा बाप कधी आला नव्हता आणि तोही येणार नव्हता. ये, असं मी म्हणालो नाही.

मग असं ठरलं की भटजींना विचारावं. भटजी तारापूरचे, आणि खंडेनवमीला ते एमआयडीसीत एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात स्कूटरवर फिरत असतात. एक जण सायकल घेऊन त्यांच्या मागे गेला. जिव्या म्हणाला, "साखर टाका. साखरंनं माल उशिरा बसतो." हे ऐकून सगळे हसले, पण तो हसला नाही, तेव्हा घराघरातून साखर यायला लागली. श्रीखंडाची साखर, रेशनची साखर, एकीनं गूळ आणला. जिव्या शिडीवर चढून ड्रमच्या तोंडात ओतत होता. पण ड्रम फिरत नव्हता, तर साखर मिसळणार कशी? ती तोंडाशीच राहिली आणि अर्ध्या तासात मुंग्या आल्या. तात्या खाली उभे राहून, मुंग्यांना हळद लागते असं सांगत होते.

दोन वाजता भटजींचा निरोप आला. हत्यार वेगळं, वाहन वेगळं. वाहन हलवायला काही हरकत नाही, आणि असल्या गोष्टीसाठी मला पुन्हा गाठू नका. जयवंतीनं किल्ली आणून दिली. जिव्यानं आधी ड्रमवर तळवा टेकवला. "गरम लागतो," तो हळूच म्हणाला. माल बसताना तापतो. त्यानं इंजिन चालू केलं, दांडा टाकला, आणि खालून काहीतरी मोडल्याचा आवाज आला. ड्रम तसूभरही हलला नाही. हार तसाच होता.

चौकशी दसऱ्यानंतरच्या दिवशी, साइटच्या मोठ्या साहेबापुढे ठेवली होती. आदल्या संध्याकाळी जिव्या मला नाक्यावरच्या टपरीशी भेटला. मीच त्याला शोधत होतो, पण काय बोलायचं ते मला माहीत नव्हतं. तोच म्हणाला, "शेठ, मी सांगन मीच चालवत व्हतो. तुमी बाजूला बसला व्हता."

"असं कसं?"

"तुमचं शिकाऊ लायसन. तुमचा नाव आला तर टायल गेली तुमची. माजा पक्का लायसन हाय, आठ वरसं झाली. मला बोलतील, पगार कापतील. काढनार नाय."

तेव्हा सांगायला हवं होतं. जिव्या, तुझं लायसन माझ्या दारामागे छत्रीखाली आहे आणि त्याची सवलतसुद्धा संपली, एवढं एकच वाक्य होतं. मी तोंड उघडलं. टपरीवाल्याला वाटलं ऑर्डर देतोय. मी दोन चहा सांगितले.

चौकशीला तात्या टेम्पो करून पाच साक्षीदार घेऊन आले. मी बोलावलं नव्हतं, आपण होऊन आले, आपल्या माणसासाठी. ज्यांनी मला हॉर्न वाजवत येताना पाहिलं होतं त्या पाचही जणांनी सांगितलं की प्रतापभाऊ बाजूला बसले होते. तात्यांनी तर पुढं जाऊन सांगितलं की पूजेचा हट्टही जिव्याचाच. जिव्यानं तात्यांकडे एकदा पाहिलं आणि साहेबापुढे मान हलवली. हे काही ठरलं नव्हतं, पण तो तेही घेऊन मोकळा झाला.

साहेब बराच वेळ ओरडला. मग थंड झाला. जिव्या म्हणाला होता तसंच होणार असं वाटत होतं, तेवढ्यात चंद्रभान म्हणाला, "रिपोर्ट में लाइसेन्स नंबर लिखना पड़ेगा. निकाल."

"शेठकडं हाय," जिव्या म्हणाला. अगदी निर्धास्त. "नवीन येतंय पोस्टानं. इचारा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तात्यांनीसुद्धा.

"चौकशी करावी लागेल," मी म्हणालो.

आयुष्यात मी अनेकांना हे वाक्य ऐकवलं आहे. स्टोअरमध्ये ते माझ्या जिभेवरच असे. जिव्याला त्याचा अर्थ लगेच कळला नाही. चंद्रभानला कळला. त्यानं फाईलमधली जुनी झेरॉक्स काढली, तारीख पाहिली आणि साहेबापुढे सरकवली. ड्रमसाठी जिव्याला काढलं नाही, हे मी मुद्दाम सांगतो. मुदत संपलेल्या लायसनवर गाडी चालवली म्हणून काढलं. कागदावर सगळं बरोबर होतं. आणि साहेब जाताजाता मला म्हणाला, "आप जैसे पढ़े-लिखे ड्राइवर चाहिए हमें."

दिवाळीची साफसफाई करताना जयवंतीला पिशवी सापडली. तिनं चिठ्ठी वाचली. तातडीचे हा शब्द वाचला. मग माझ्यासमोर पिशवी धरून म्हणाली, "हा जिव्याचा कागद ना?" मी म्हटलं, विसरलो. ती म्हणाली, "मी किल्ली अडवली ती देवाला भिऊन. तुमी हे कुणाला भिऊन केलंत?" दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी फराळाचा डबा बांधला आणि म्हणाली, "आता स्वतः जाऊन द्या."

मी पाड्यावर गेलो. जिव्याची बायको भागी भात झोडत होती. तिनं डबा घेतला, ठेवला, पुन्हा झोडायला लागली. जिव्यानं पिशवीतले कागद एकेक काढून मांडीवर लावले. त्याला वाचता येत नव्हतं, पण पोचपावती नाही हे त्याला दिसत होतं. फोटोवर त्याची नजर थांबली, दोन्ही कान दिसणाऱ्या.

"विसरलो रे जिव्या," मी म्हणालो. माझ्यापाशी होता त्यातला हाच सगळ्यात बरा शब्द होता.

"हां," तो म्हणाला.

मी म्हटलं, मी पुन्हा भरून देतो, आता नक्की. तो म्हणाला, नको, भागीचा भाऊ येतो, त्याच्यासंगं जाईन. कागद मात्र त्यानं माझ्या हातात परत दिले नाहीत.

ट्रायल मी पास झालो. चौथी गाडी आलीच नाही. जिव्याची गाडी दुरुस्त होऊन आली, ती मला मिळाली. तात्यांनी गावात पेढे वाटले. मी आता बूट घालून गाडी चालवतो, आणि वळणावर अजून मनातल्या मनात जिव्याचंच बोलणं ऐकू येतं, त्याला इलाज नाही.

फेब्रुवारीत एकदा माझ्या ड्रमच्या आतल्या पात्यांवर माल साचून घट्ट झाला. असं झालं की एक माणूस तोंडातून आत उतरतो आणि छिन्नी-हातोड्यानं फोडून काढतो. आत अंधार, धूळ, आवाज. रोजंदारीचं काम आहे, कुणी लवकर तयार होत नाही. चंद्रभाननं फाटकावरून माणूस पाठवला. तो जिव्या होता. तोंडाला फडकं बांधलेलं होतं, तरी मी चालण्यावरून ओळखला. मी म्हणालो, "अरे, तू?" त्यानं मान हलवली आणि शिडीला हातोडा टेकवून माझ्यापुढे तळवा धरला.

"चावी द्या."

साइटवर तशी रीत आहे. आत उतरणारा माणूस गाडीची चावी स्वतःच्या खिशात घालूनच उतरतो, म्हणजे तो आत असताना कुणी इंजिन चालू करणार नाही, ड्रम फिरणार नाही. मला रीत माहीत होती. पण माझ्याच हातून चावी मागून घेणं मला कुठंतरी लागलं.

"अरे, मी इथंच उभा आहे," मी म्हणालो. "मी कशाला चालू करीन?"

"चालू तुमी करनार नाय, शेठ," जिव्या म्हणाला. राग नव्हता त्याच्या बोलण्यात, समजावून सांगितल्यासारखं म्हणाला. "पन तुमी इसरता."

मी चावी दिली. त्यानं ती खिशात घातली, वरून दोनदा चाचपली आणि आत उतरला.